दोन चेहऱ्यांचा एक फोटो

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मामाचे. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. गावच्या शाळेतून बारावी करून मी इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी ग्वाल्हेरला आलो, तो त्याच्याच घरी राहिलो.

क्लासमध्ये माझे मार्क चांगले होते. एका ठेकेदाराच्या दोन माणसांनी मला दौलतगंजच्या गल्लीत गाठलं. ठेकेदाराच्या मुलाच्या नावावर मी पेपर द्यायचा. त्याची आणि माझी परीक्षा एकाच दिवशी, म्हणजे माझं वर्ष गेलं. मी नाही म्हणालो. त्यांनी मला भिंतीवर आपटलं, पोटात लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला मी हो म्हणालो आणि खिशातला माझा फोटो दिला.

अशा वेळी अर्जावर दोघांचे चेहरे मिसळून केलेला फोटो लावतात. तपासणाऱ्याला त्यात दोघंही दिसतात. फोटोच्या कामात हात सफाईदार म्हणून ते नेमके मामाकडे गेले. तो माझा मामा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तेव्हा स्टुडिओतच होतो; त्यांना येताना पाहून पडद्यामागे लपलो.

"दोनों को मिला के एक बना दो."

"यह तो मेरा भांजा है."

"फिर तो घर का काम हुआ, मामाजी."

"इसकी नाक अच्छी-भली है. तुम्हारे लड़के की क्यों लगाऊँ?"

एकाने मामाचा उजवा हात काउंटरच्या ड्रॉवरमध्ये दाबला, दुसऱ्याने ड्रॉवर लाथेने बंद केला. मामाने डाव्या हाताने माझा फोटो फाडला. त्यांनी पुन्हा ड्रॉवर हाणला. हाड मोडल्याचं मला पडद्यामागे ऐकू आलं. मी हललो नाही. शेजारचे दुकानदार धावत येईतो ते पळाले होते.

दवाखान्यात मामा म्हणाला, "तुझा फोटो कुठून चोरला रे त्यांनी?" मी औषधं आणायला उठलो.

पोलिसांत केस झाली म्हणून ते पुन्हा माझ्याकडे फिरकले नाहीत. परीक्षा मी माझ्याच नावाने दिली. आमच्या शाळेत फिजिक्सला दोन वर्षं मास्तर नव्हते, हे त्या पेपरला कळत नव्हतं. पण ठेकेदाराचा मुलगा कोण, हेही कळत नव्हतं. मला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी मिळाली त्याच आठवड्यात मी हे पत्र पाठवलं:

"मामा, फोटो कुणी चोरला नव्हता. मार खाऊन मीच दिला होता. तुझा हात मोडला तेव्हा मी पडद्यामागे उभा होतो. तुझ्याशिवाय साक्षीदार नाही म्हणून केस अजून रखडली आहे, असं मामी म्हणाली. त्या दोघांना मी ओळखतो. पुढच्या तारखेला येऊन सगळं सांगणार आहे, माझ्या होकारासकट. स्टेशनवरून आधी कोर्टात जाईन. नंतर घरी यायचं की नाही, ते तू सांग."