एकोणीस आठे

गॅसचा गीझर पेटेनासा झाला की लोक त्याला थापट्या मारतात, मग शिव्या घालतात आणि सगळं करून दमले की मिस्त्रींना बोलावतात. मिस्त्री यायचे, खालची डबी उघडून दोन जाडे सेल बदलायचे, आणि दहांतले सहा गीझर तिथेच ताळ्यावर यायचे. उरलेल्यांत कुठे पाण्याला जोर नसायचा, कुठे सिलिंडरच संपलेला असायचा. "गीझर बिघडत नाही हो, माणसं बिघडतात," असं म्हणून ते पान्हे पिशवीत भरायचे.

ते घाबरायचे एकाच गोष्टीला, पिवळ्या ज्योतीला. ज्योत निळी हवी. पिवळी झाली म्हणजे तिला हवा पुरत नाही, आणि कोंदट न्हाणीघरात त्यातून असा वायू निघतो की वासही येत नाही आणि माणूस झोपतो तो झोपतोच. एका घरी त्यांनी अशी पडलेली बाई पाहिली होती. ती वाचली, पण मिस्त्रींनी धसका घेतला. त्यानंतर त्यांनी सगळ्या गल्लीचे गीझर न्हाणीघराबाहेर नेऊन टांगले. स्वतःचा तेवढा आतच राहिला. येत्या रविवारी काढू, येत्या रविवारी काढू, असं करता करता चार वर्षं गेली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्याऐवजी त्यांनी घरात कायदा केला. खिडकी सताड उघडी, दाराला कडी नाही, आणि आंघोळ करणाऱ्याने मोठ्याने पाढे म्हणायचे. हा वायू आधी डोक्यात शिरतो. तेव्हा पाढा चुकला की माणूस चालला, असा त्यांचा हिशेब. बाहेर सिलिंडरच्या तोटीवर हात ठेवून ते कान देऊन उभे. जावईबापूंचं गणित मुळातच कच्चं. पहिल्याच मुक्कामात तेराच्या पाढ्याला त्यांचा गॅस चारदा बंद झाला. तेव्हापासून ते सासुरवाडीला आंघोळ करूनच येतात.

बायको मात्र बिचारी चार वर्षं निमूट पाढे म्हणत आली. पण एका सोमवारी तिच्या डोक्याला फेस होता आणि मनात भाजी काय करायची हा घोर. "एकोणीस साते..." म्हणून ती अडली. मिस्त्रींनी तोटी पिळली. डोक्यावर गार पाणी पडताच ती जी किंचाळली, ती आकडा सोडून सगळं बोलली. आणि त्यानंतर बोललीच नाही. तीन दिवस अबोला. ताट समोर आदळायचं, पण तोंडातून शब्द नाही.

शेजारी एक पहारेकरी राहायचे. रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, आणि मिस्त्रींच्या न्हाणीघराची खिडकी मागच्या सामाईक गॅलरीत नेमकी त्यांच्या उशाशी. चार वर्षांत त्यांचेही पाढे पाठ झाले होते. गुरुवारी सकाळी त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी जुनी गादी उचलली, त्या खिडकीत बाहेरून गच्च ठासली आणि समाधानाने घोरू लागले.

मिस्त्री आंघोळीला गेले. आत अंधार पाहून आभाळ आलं असेल म्हणाले आणि गीझर लावला. पाढे सुरू झाले. बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तोटीशी उभं राहायची पाळी तिची, पण ती कशाला जाते!

"एकोणीस साते..." आतून आवाज आला आणि थांबला. "एकोणीस... साते..."

मला वेडावतायत! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्या माणसाला लाज कशी नाही, असं पुटपुटत तिने कणकेला गुद्दा हाणला.

"एकोणीस आठे... छत्तीस," मिस्त्री ओढल्या आवाजात म्हणाले.

तिचा हात थांबला. हा माणूस तापात चुकला नव्हता, लग्नाच्या पहिल्या रात्री घाबरून पाढे म्हणत बसला तेव्हाही चुकला नव्हता. ती कणकेच्या हातांनी धावली, आधी तोटी पिळली, दार ढकललं आणि पंचा गुंडाळून त्यांना फरफटत मागच्या गॅलरीत आणलं. एवढं बळ कुठून आलं, तिला आजही सांगता येत नाही.

"एकोणीस आठे?" ती ओरडली. "अहो, एकोणीस आठे किती?"

मिस्त्री पांढरेफटक. डोळे मिटलेले.

"एकशे बावन्न," आरडाओरड्याने जागे झालेले पहारेकरी आपल्या खिडकीतून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! यांना सांगू दे!" मग तिला गादी दिसली. पहारेकऱ्यांनी तिची नजर पाहिली आणि काय केलं ते त्यांना उमगलं. ते धावत डॉक्टरांना आणायला गेले.

तिने मिस्त्रींचं डोकं मांडीवर घेतलं. रडू आवरत नव्हतं. एकोणीस आठे, एकोणीस आठे, तिने किती वेळा विचारलं कोण जाणे. शेवटी ओठ हलले.

"एकशे... बावन्न. बोललीस गं तू."

दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी रविवारची वाट पाहिली नाही. गीझर मागच्या गॅलरीत गेला. त्याच्यासाठी भिंतीला भोकं पाडताना पहारेकरी झोपमोड करून शिडी धरून उभे होते. दुसऱ्या सकाळी मिस्त्री आंघोळीला बसले. आत पाण्याचाच काय तो आवाज.

दाराबाहेरून बायको म्हणाली, "पाढा कुठाय?"

"अगं, गीझर बाहेर गेला. आता गरज नाही."

"मला आहे."

मिस्त्रींनी तांब्या खाली ठेवला आणि बे एके बेपासून सुरुवात केली.