वीजघरातलं लॉगबुक आणि वसंताची लाल पेन्सिल

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण चार दोस्त जमले की कोणी तरी म्हणतोच, "सांग ना बे, ते वीजघरातलं." मग एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो, आणि त्याला थांबवावं तर तिसरा मध्ये घुसतो. आमच्या अमरावतीच्या वीजघरात डिझेलची इंजिनं होती. दिवसभर नुसती धडधड. आणि त्या इंजिनांचं सगळं लिहून ठेवायला एक जाडजूड लॉगबुक होतं. खरं सांगतो, इंजिनांनी कमी छळलं, त्या बुकानं जास्त!

लॉगबुक म्हणजे काय, तर तासातासाला इंजिनाजवळ जायचं, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, गावाचा लोड पाहायचा आणि पानावर मांडायचा. उद्या बिघाड झालाच तर मागची पानं चाळून कळतं, इंजिन केव्हापासून कुरकुरत होतं ते. कल्पना फार छान. पण ज्यानं ती काढली त्याला आमचा डोंगरे माहीत नव्हता.

* * *

डोंगरे सगळ्यांत जुना ऑपरेटर. त्याचं म्हणणं, तासाभरात तापमान बदलून बदलून किती बदलणार? म्हणून सकाळी ड्यूटीवर आला की संध्याकाळपर्यंतचे आकडे तो एकदाच भरून टाकायचा आणि मोकळा व्हायचा. एकदा असंच पान भरून तंबाखू मळत बसला, आणि तिकडे मिस्त्रीनं दोन नंबरचं इंजिन दुरुस्तीला उघडलं. तेवढ्यात जोगळेकर साहेब आले. साहेब पुण्याचे, आमच्या वीजघराचे मुख्य इंजिनियर. पाहतात तर पिस्टन बाहेर गोणपाटावर मांडलेले, आणि बुकात त्याच इंजिनाचं संध्याकाळचं तापमान!

साहेब शांतपणे म्हणाले, "डोंगरे, हे इंजिन संध्याकाळी चालू असेल का?"

डोंगरेनं आधी इंजिनाकडे पाहिलं, मग बुकाकडे. "ते मिस्त्रीवर हाये साहेब. म्या आपली तयारी करून ठेवली."

* * *

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम निघाला. आकडे वेळच्या वेळी भरायचे, आणि वीजघरात जे जे घडेल ते सगळं लिहायचं. हा हुकूम मनापासून पाळणारा एकच माणूस निघाला, वसंता इंगळे.

वसंता टेंपररी होता. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा-बागायतदाराची मुलगी त्याला सांगून आली होती. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पण मुलीच्या बापाची, रामभाऊंची, एकच अट होती: आधी पर्मनंट हो, मग हळद. आणि पर्मनंटच्या कागदावर सही जोगळेकर साहेबांची. त्यामुळे साहेबांनी बस म्हटलं की वसंता उभ्या जागी बसायचा.

सगळं लिहा म्हटल्यावर त्यानं सगळं लिहिलं. पाल पडली, लिहिलं. चहावाला उशिरा आला, लिहिलं. एका दुपारचं पान मला अजून पाठ आहे. "साहेब आले. पंखा कशाला चालू ठेवला असे विचारले. मी बंद केला. साहेब खुर्चीवर बसले. साहेबांनी पंखा चालू केला. साहेबांचा डोळा लागला."

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. माझा डोळा लागला हे बुकात कशाला, म्हणून विचारलं. वसंता हात बांधून उभा. म्हणाला, "त्या टायमाले दुसरं काहीच घडून नव्हतं राहिलं, साहेब."

* * *

मग साहेबांनी दोन पेन्सिली आणल्या. साधी गोष्ट निळ्या पेन्सिलीनं लिहायची, गंभीर गोष्ट लाल पेन्सिलीनं. आणि लाल ओळ असलेल्या पानाची नक्कल नागपूरच्या हेड ऑफिसला जाणार. नागपूरचं नाव काढल्यावर लाल पेन्सिलीला कोण हात लावतो? महिनोन् महिने तिचं टोकही झिजलं नाही. साहेब खूश, वीजघर सुधारलं म्हणून.

एक दिवस सायलेन्सरजवळ तेलानं पेट घेतला. आम्ही वाळूच्या बादल्या घेऊन धावलो, माझ्या तर भुवया जळल्या. सगळं निवल्यावर डोंगरेनं निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, "सायलेन्सरजवळ थोडे गरम झाले. वाळू टाकली."

साहेब भडकले. आग ही गंभीर गोष्ट नाही का, म्हणाले. डोंगरे म्हणाला, "होती ना साहेब. पन म्या लिवाले बसलो तवा विझली होती."

* * *

बडनेऱ्याला आमचं छोटं सबस्टेशन होतं. तिथला तायडे फोनवरून आपल्या नोंदी सांगायचा आणि आम्ही त्या आमच्या बुकात उतरवून घ्यायचो. म्हणजे दोन्हीकडचं एका जागी पाहायला मिळतं. एकदा आमच्याकडून लाइन बंद पडली आणि बडनेरा अंधारात गेलं. साहेबांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर बडनेऱ्याचे दिवे आमची लाइन पडण्याच्या चांगले अर्धा तास आधीच गेलेले! साहेब चक्रावले. सगळी लाइन तपासली, खांबाखांबावर माणूस चढवला. काही सापडेना. शेवटी वैतागून फोनवर तायडेला विचारलं, बाबा रे, तुझं घड्याळ तरी बरोबर आहे ना?

घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं. तायडे रेल्वेच्या गाड्यांवरून वेळ धरायचा. भुसावळकडची गाडी फलाटाला लागली की पाच वाजले.

"आणि गाडी लेट झाली तर?" साहेबांनी विचारलं.

"मंग आमच्या इथं पाच बी लेटच वाजतेत, साहेब."

* * *

आता वसंताचं सांगतो. दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी त्याचा पर्मनंटचा कागद साहेबांच्या टेबलावर आला होता, फक्त सही बाकी होती. आणि नेमके त्याच संध्याकाळी रामभाऊ जावई कुठं काम करतो ते पाहायला वीजघरात हजर. अंगात पांढरा सदरा, काखेत बारा महिने असणारी छत्री, आणि गड्याच्या डोक्यावर आंबिया बहराच्या संत्र्यांची टोपली. टोपली वसंताला नाही, साहेबांना.

स्विचरूमच्या दारावर पाटी होती, बाहेरच्या माणसाला आत येण्यास मनाई. पाटी साहेबांनीच लावलेली. पण एक संत्रं सोलून तोंडात टाकल्यावर साहेब म्हणाले, या या, तुम्हाला अख्खी अमरावती कुठून उजळते ते दाखवतो. आत वसंता ड्यूटीवर, मीही त्याच्या जोडीला. घाबरून त्यानं रामभाऊंना सांगितलं, मामा, इथं कशाले हात लावू नका.

रामभाऊंनी हात लावलाच नाही. छत्री काखेत अडचण करत होती, म्हणून समोर लाकडी मुठीचं एक हँडल दिसलं त्याला अडकवली. साहेब डायलवरचे काटे समजावून सांगण्यात दंग. सगळं पाहून झालं, रामभाऊ निघाले, त्यांनी छत्री ओढली आणि छत्रीसोबत हँडलही खाली आलं. ऐन दिवाळीचा बाजार भरलेला, आणि अर्धी अमरावती काळी ठिक्कर!

वसंतानं झडप घालून हँडल वर केलं. दिवे आले. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, असो, फार काही झालं नाही. तोवर वसंतानं बुक उघडून लाल पेन्सिल उचलली होती. मी कोपरानं ढोसून कानात म्हटलं, लेका, कारण समजलं नाही असं लिव. त्यानं ऐकलं नाही, सरळ लिहायला घेतलं.

"बाजाराची लाइन बंद पडली. कारण, रामभाऊ यांची छत्री. रामभाऊ यांना साहेबांनी आत आणले. रामभाऊ माझे होणारे सासरे आहेत. संत्र्यांची टोपली साहेबांच्या टेबलाखाली आहे."

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हे नागपूरला जाणार होतं. ते हळूच म्हणाले, "इंगळे, तुला पर्मनंट व्हायचंय ना? हे पान फाड."

मला त्या पोराची फार दया आली. एकीकडे नोकरी, दुसरीकडे सासरा छत्री घेऊन समोर उभा. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "फाडतो साहेब. पन मंग पान फाडलं, हे बी लाल पेन्सिलीनंच लिवा लागन."

साहेबांनी बुक मिटलं. साहेब घरी गेले. रामभाऊ मुक्कामाला गावातल्या एका नातेवाइकाकडे गेले. आता नोकरीही गेली आणि लग्नही मोडलं, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं. सकाळी वसंता आला तो डबा न आणताच. दुपारपर्यंत घरी पाठवतील, डबा कोणासाठी आणू, म्हणाला.

रामभाऊही गावाला जायच्या आधी येऊन दारात उभे राहिले. या वेळी पाटीच्या बाहेर. साहेब आमच्या आधीच येऊन आत बसले होते. मी बुक उघडलं. पान जागेवर होतं. त्याखाली साहेबांच्या अक्षरात, लाल पेन्सिलीनं, नवीन ओळी होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं वाचल्या.

"वाचले. नागपूरला पाठवावे. ऑपरेटर इंगळे यांस कायम केले आहे. स्विचरूमच्या दाराबाहेर छत्रीसाठी एक खुंटी ठोकावी."

वसंता मटकन स्टुलावर बसला. रामभाऊंनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहिलं, मग आत साहेबांकडे पाहून म्हणाले, "एक कावून? दोन ठोका साहेब. पत्रिका द्याले आमी दोघं व्याही येऊ."