रोज रिकामी येणारी बाटली

नाव: त्रिवेणी राजेश्वर. इयत्ता: अकरावी, कला. वय: सतरा. वजन: एकोणचाळीस किलो. प्रकृती: उत्तम. पिण्याच्या पाण्याची सोय: आहे. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: आहे. परिसर: भयमुक्त. तक्रार: वरीलप्रमाणे.

पालमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या आरोग्य तपासणीच्या नोंदवहीत त्रिवेणी अशी आहे. तक्रारीच्या रकान्यात पहिल्या मुलीपुढे ‘नाही’ लिहिलेलं असून तिच्याखाली शेवटच्या मुलीपर्यंत ‘वरीलप्रमाणे’ आहे. लिहिणाऱ्याचं अक्षर मात्र सुरेख.

त्रिवेणीच्या वडिलांचं, राजेश्वरअप्पांचं, गावच्या फाट्यावर किराणा दुकान. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी. तिला तलाठी व्हायचं होतं, आणि त्यासाठी पदवी आणि पदवीसाठी आधी बारावी व्हायला हवी होती, एवढा साधा हिशेब. आई पार्वतीबाई रोज सकाळी साडेआठच्या एसटीआधी लिटरभराची बाटली काठोकाठ भरून देत आणि संध्याकाळी ती उलटी करून बघत.

“सपवलीस का?”

“सपवली की.”

“श्यानी माझी बाय.”

बाटली खरंच संपलेली असायची. फक्त ती त्रिवेणीनं संपवलेली नसायची. कॉलेजच्या फाटकापाशी वृक्षारोपणात लावलेलं करंजाचं एक रोप होतं. सुटल्यावर एसटी गाठण्याआधी ती सगळं पाणी त्याच्या बुडाशी ओतायची. सकाळचा अर्धा कप चहा, त्यानंतर संध्याकाळी साडेसहापर्यंत घोटभरही नाही. ओठ फुटायचे, तिसऱ्या तासाला डोकं ठणकायचं. सरांना वाटायचं, पोरगी झोपाळू आहे.

कारण स्वच्छतागृह कॉलेजच्या मागच्या अंगाला, पडलेल्या कंपाउंडला लागून होतं आणि उरलेल्या भिंतीवर पाच-सहा पोरं बसलेली असायची. कॉलेजात त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं, पण हजेरी सगळ्यांत चांगली त्यांचीच. कोण मुलगी कितीदा गेली, हे त्यांना पाठ.

“काय मॅडम, सकाळच्यान दुसऱ्यांदा? साखर तपासून घ्या!”

वर्गातल्या भक्तीचा तिकडे जातानाचा पाठमोरा फोटो दिवाळीआधी एकानं गाणं लावून स्टेटसला ठेवला होता. भक्तीच्या वडिलांनी पोलिसांकडे जाण्याऐवजी सोयऱ्यांकडे जाणं पसंत केलं. पंधरवड्यात साखरपुडा झाला. लग्न अठरा पूर्ण झाल्यावर, एवढा कायदा पाळला.

त्रिवेणीला पोरांची भीती होती. पोरांचं घरी कळेल याची त्याहून जास्त. पाणी न पिणं हा यातला सगळ्यांत स्वस्त उपाय तिला वाटला होता.

जानेवारीत तिला एसटीतच थंडी वाजून ताप भरला. कमरेत कळ अशी, की कंडक्टरनं स्वतःची सीट दिली. ताप उतरेना म्हणून चार दिवसांनी आईबापांनी पालमच्या डॉक्टरांकडे आणलं. मूत्रपिंडाला सूज, वर सहा मिलिमीटरचा खडा.

“पाणी किती पिते?” डॉक्टरांनी विचारलं.

“पान्याची तर पोरगी लय चांगली हाय,” पार्वतीबाई म्हणाल्या. “रोज बाटली रिकामी आनती.”

“मग खडा बाटलीलाच व्हायला पायजे होता.” डॉक्टर त्रिवेणीकडे वळले. “कॉलेजात लघवीला जातेस का?”

खरं सांगितलं तर कॉलेज बंद. म्हणून तिनं त्यातल्या त्यात निरुपद्रवी खोटं निवडलं.

“संडासाला कुलूप असतंय.”

चूक इथं झाली. राजेश्वरअप्पा काम करणारा माणूस. कुलूप म्हटल्यावर किल्ली आली.

“हात्तिच्या! एवढंच व्हय? चल, आत्ताच बोलतो.”

“नको अप्पा, मी सांगते की सरांना.”

“तू काय सांगतीस! चल.”

पार्वतीबाई औषधं घ्यायला थांबल्या आणि बापलेक कॉलेजात गेले. प्राचार्यांनी आदरानं बसवलं, चहा मागवला, मग स्वतः दाखवायला निघाले. वाटेत फाटकाजवळचं करंज दाखवलं. “शंभरातलं हे एक जगलं बघा. आमच्या शिपायाची देखभाल.” त्रिवेणी करंजाकडे बघत राहिली. ते खरंच टवटवीत होतं.

स्वच्छतागृहाचं दार सताड उघडं होतं. आत नळाला पाणीसुद्धा होतं.

“कुठंय कुलूप?” प्राचार्य म्हणाले.

अप्पांनी लेकीकडे बघितलं. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, अगदी अदबीचा.

“ए, नीट बसा रे. त्रिवेणीचे अप्पा हायत. अप्पा, तब्येत कशी हाय तिची? चार दिस दिसली न्हाई.”

पोरं नीट बसली. एकानं तर नमस्कारही केला.

अप्पांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. प्राचार्यांनी परत फिरता फिरता घसा साफ केला. “ही बाहेरची पोरं आहेत. आमच्याकडं अजून एकही तक्रार नाही. तुम्ही लेखी द्या, मुलीचं नाव-गाव घालून. तक्रार आली की लगेच समिती बसते.”

“बघतो,” अप्पा म्हणाले.

नाव-गाव घालून ते काही बघणार नव्हते, हे त्रिवेणीला तिथंच कळलं. औषधं घेऊन पार्वतीबाई स्टँडवर भेटल्या आणि तिघं परतीच्या एसटीत बसले. फाटा आल्यावर अप्पा म्हणाले, “आधी तब्येत. शिकनं काय, घरी बसून बी व्हतंय.”

“अप्पा, मी पीत जाईन की पानी. दिवसातनं चारदा पीन. जाईन मी तिकडं.”

“तेच तर नको,” अप्पा म्हणाले आणि उतरले.

आता ती दिवसाला तीन लिटर पाणी पिते. खडा पडून गेला, वजन चार किलोनं वाढलं. डॉक्टर खूश आहेत. दुपारी ती दुकानात बसते, आणि तिथंही कोणी पोरगा गिऱ्हाईक आला की पार्वतीबाई तिला आत बोलावतात. फाटकाजवळचं करंज उन्हाळ्यात वाळलं. शिपायाला नोटीस निघाली.

कॉलेजच्या पटावर तिचं नाव मात्र कायम आहे, कारण नाव कमी केलं तर गळती दाखवावी लागते. यंदाच्या तपासणीची नोंद अशी: नाव: त्रिवेणी राजेश्वर. इयत्ता: बारावी, कला. वजन: एकोणचाळीस किलो. प्रकृती: उत्तम. परिसर: भयमुक्त. तक्रार: वरीलप्रमाणे.

तपासणीच्या दिवशी त्रिवेणी घरी होती.