हिल्डाच्या दारातली कार्डं

इंग्लंडातल्या आमच्या एल्शम गावात व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या संध्याकाळी दारावर थाप पडायची. उघडून बघावं तर कोणी नाही, पायरीवर लेस लावलेलं कार्ड. त्यावर नाव लिहायचं नाही, हीच रीत.

शेजारच्या हिल्डा गेजला अशी कार्डं कितीतरी वर्षं आली. बुटांच्या कारखान्यात ती बुटांचं वरचं कातडं शिवायची. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो पर्सी कॅनडाला गेला तो गेलाच, ओळसुद्धा धाडली नाही. पण कार्डं येत राहिली आणि हिल्डाने मनाशी धरून ठेवलं, की तोच कोणाकरवी पाठवतोय. बेकरीवाल्या बर्टने मागणी घातली, तिने नाही म्हटलं. बर्टने दुसरीकडे लग्न केलं.

म्हातारपणी तिची भाची मॉरीन घराण्याची वंशावळ जमवू लागली. हिल्डा तिला म्हणाली, "मेलेल्यांना एवढं शोधतेस, तर माझ्या पर्सीलाही शोध की."

मॉरीनने पर्सीच्या कॅनडातल्या पुतणीला गाठलं. तिने फोनवर सांगितलं, काका इथे आले त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले.

मॉरीन तशीच आईकडे गेली आणि विचारलं, मग ती कार्डं कोण ठेवायचं? तिची आई एनिड, म्हणजे हिल्डाची धाकटी बहीण, ओट्यापाशी मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मीच ठेवायचे. जेवण टाकलं होतं गं तिने. म्हटलं, एकदा तरी हसेल. मग दर वर्षी ती दाराशी कान लावून बसायला लागली. थांबू कशी? बर्टला नाही म्हणाली तेव्हा थांबले."

मॉरीनने मावशीला पर्सी गेल्याचं तेवढंच सांगितलं. कधी, ते हिल्डाने खोदून विचारलं. ते कळल्यावर तिने बोटांवर वर्षं मोजली; कार्डं तर त्यानंतरही येत होती.

"एनिड ना?" ती म्हणाली.

मॉरीनला खोटं बोलता आलं नाही.

दोघी बहिणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत. त्यानंतर एनिड दर रविवारी केक घेऊन यायची, बेल वाजवायची, वाट बघून परत जायची. आत हिल्डा खुर्चीत बसलेली मला खिडकीतून दिसायची. एकदा न राहवून मी विचारलं, उघडत का नाहीस? ती म्हणाली, "उघडलं तर मी तिला माफ करीन. मग माझं आयुष्य कोणी नेलं म्हणू?"

त्या हिवाळ्यात एनिड गेली. अंत्यविधीला चर्चमध्ये हिल्डा अगदी मागच्या बाकावर बसली, आणि सगळे निघून गेल्यावरही उठेना.