कुलूप काढायचं नाय

सर्व्हर कितीही अडला तरी भाई आधी कीबोर्डला हात लावायचे नाहीत. सर्व्हरच्या डब्यावर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "गरम हाय का बघू द्या, ताई."

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आला की हायसंही वाटतं आणि वैतागही येतो. आमच्या छावणी भागातल्या रक्ततपासणीच्या लॅबचे संगणक भाई सांभाळायचे आणि मी खिडकीत बसून रिपोर्ट द्यायची.

रिपोर्टांच्या डिस्कला भाईंनीच एन्क्रिप्शनचं, म्हणजे सांकेतिक लिपीचं कुलूप घातलं होतं. कुणी डिस्क चोरली तरी वाचता येऊ नये म्हणून. पण तेव्हापासून रिपोर्ट उघडायला इतका वेळ लागायचा की खिडकीशी भांडणं व्हायची. शेवटी आमचे मालक डॉक्टर म्हणाले, "आज पाचपर्यंत वेग आला नाही तर कुलूप काढा."

"नाय काढणार," भाई तोंडावर म्हणाले. "एचआयव्हीचे रिपोर्ट हायेत त्यात. आपल्याच गल्लीतल्या बायांची नावं."

चार वाजून गेले तरी हा माणूस डब्यावर हात ठेवून बसलेला. माझं डोकंच फिरलं. "भाई, काहीतरी करा की हो."

"डबा थंड हाय, ताई. कुलपाचं ओझं असतं तर प्रोसेसर तापला असता. हा नुसता वाट बघत उभा हाय."

नव्या प्रोसेसरला कुलूप लावणं-काढणं अंगचंच येतं. खोळंबा होता तो डिस्क आणि प्रोसेसर यांच्या मधल्या रांगांचा. जुन्या संथ डिस्कांसाठी केलेल्या त्या रांगांत माहितीचा प्रत्येक तुकडा उगाच थांबत होता. भाईंनी रांगा बंद केल्या आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मग सर्व्हर उठला आणि रिपोर्ट झटक्यात उघडला.

पण ते 'नाय' मालकांना पचलं नाही. महिन्याभरात भाईंना काढलं. अजून आठवलं की माझा संताप होतो.

गेल्या हिवाळ्यात लॅब फुटली, चोरांनी सर्व्हरच उचलून नेला. सकाळी एक बाई खिडकीशी आली. "ताई, माझं नाव बाहेर जाईल का हो?"

"नाही जाणार. कुलूप आहे त्याला."

ती तिथंच मटकन बसली आणि रडली.

मी लगेच भाईंना फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. "ते तर गेले, ताई. मागच्या रमजानच्या आधीच."

मग चोरीपासून त्या बाईपर्यंत सगळं मी तिलाच सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. "पोरींना बोलावते. पुन्हा पहिल्यापासून सांगा."