घेण्यास नकार

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. सांगायला बसलो की दुसराच विषय काढायचो. आता ऐंशी उलटली, लिहूनच टाकतो.

महाराष्ट्र नवा होता आणि माझी पोस्टमनची नोकरीही. गावात बांगड्यांचं दुकान चालवणारी एक मावशी होती. तिच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं, नेमकं त्याच दिवशी जानेफळला माझ्या मित्राचं लग्न. रजा मिळाली नव्हती. थैली घरी टाकली आणि एसटीत बसलो. मांडवात पाहतो तर मावशीच नवरीला चुडा भरत होती! मला पाहून ओरडली, "बाबू, बुंदी खाल्ल्याबिगर जाऊ नको बे!" पोटभर खाल्ली.

साधी पत्रं दुसऱ्या दिवशी वाटता येत. रजिस्टरवर मात्र त्याच संध्याकाळी शेरा लिहावा लागे. 'दार बंद' लिहिलं तर पुन्हा खेटे. मी 'घेण्यास नकार' लिहून मोकळा झालो.

ती दुकान खाली करण्याची नोटीस होती. जागेच्या मालकानं दावा लावला.

कोर्टाच्या ओट्यावर मावशीचा वकील तिला समजावत होता, "रजिस्टर पत्र बरोबर पत्त्यावर गेलं, वर नकाराचा शेरा आहे. म्हणजे नोटीस तुमाले पोचली, असंच कोर्ट धरून चालते. नाई पोचली, हे आता तुमाले दाखवा लागते."

"जे झालंच नाई ते कसं दाखवू?"

"त्या दिवशी होत्या कुठं?"

"जानेफळले. समद्या मांडवाचे हात धरले मी!" असं म्हणताना तिची नजर साक्षीला आलेल्या माझ्यावर थांबली.

मालकातर्फे माझी साक्ष झाली. शेरा खरा असल्याचं मी शपथेवर सांगितलं. तिचा वकील उलटतपासणीला उठला, तर तिनं त्याची बाही ओढली. "त्या पोराले काई इचारू नका. नवी नोकरी हाय त्याची."

पुढच्या तारखेला जानेफळहून बैलगाडी भरून बाया आल्या. नवरीनं हात पुढे केला. "साहेब, हा चुडा तिनंच भरला. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत मांडवातच होती." एका म्हातारीनं तर न्यायाधीशांनाच विचारलं, "साहेब, तुमच्या घरच्याइचं माप काय? मावशी भरून देईन." पट्टेवाला तोंड दाबून हसला. साहेबांनी फाइलमध्ये डोकं घातलं.

आता तो शेरा मालकालाच खरा करून दाखवायचा होता, आणि त्याच्याकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. नोटीस पोचलीच नाही असं कोर्टानं धरलं आणि दावा फेटाळला गेला. बाया मावशीच्या दुकानात शिरल्या त्या अंधार पडेपर्यंत निघाल्या नाहीत. इतकं हसू त्या पेठेनं क्वचितच ऐकलं असेल. मीही रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हसत होतो.

माझ्या लेकीच्या लग्नात मावशीच बांगड्या भरायला आली. आज बोलायचंच, असं ठरवून मी आत गेलो. "मावशी, त्या दिवशी..."

"काऊन रे, गड्यामानसाचं काय काम इथं? निंघ!" बायांनी हसून मला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी ती गेली.

म्हणायचं होतं ते एवढंच: मावशी, मी तुमच्या दारी आलोच नव्हतो. शपथेवर खोटं बोललो. मले माफ करा.