पाय लागला, वजीर गेला

बुद्धिबळातला एक हातात आलेला डाव मी चांगल्या वळणामुळे हरले आहे. वळण बाबांनी लावलं आणि बुद्धिबळही बाबांनीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करायला दुसरं कोणी उरत नाही.

माझे बाबा घोडपदेवचे. उभं आयुष्य गिरणीत काढलं, पण तोंडातली मालवणी काही सुटली नाही. मला सातव्या वर्षी त्यांनी पट मांडून दिला. पुढे लग्न, नोकरी, मुलं या भानगडीत माझी प्यादी डब्यात गेली, ती पंचेचाळिशीनंतर बाहेर आली. तेव्हापासून दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होणाऱ्या हौशी लोकांच्या स्पर्धेत मी दरवर्षी नेमाने नाव देते आणि तितक्याच नेमाने हरते.

त्या वर्षी बाबा म्हणाले, "एक डोळो तर गेलोच. दुसरो हा तवसर तुका एक डाव जिंकताना बघूचो हा."

मला गलबलून आलं. एकच डाव! माणसाने मागून मागून मागितलं काय, तर एक डाव! मी मनाशी ठरवलं, या वेळी जिंकायचंच.

पहिल्या फेरीत समोर आले प्रधानकाका. सत्तरी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि सभ्यपणा इतका की शह देतानासुद्धा म्हणायचे, "शह. माफ करा हं!" हॉलची फरशी नुकतीच पुसली होती म्हणून मी चपला दाराशी काढून अनवाणीच बसले. बाबा भिंतीकडेच्या खुर्चीत. प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नाही, असा सक्त नियम.

डाव मस्त रंगला आणि टेबलाखाली माझा पाय कशाला तरी लागला. आता वडीलधाऱ्यांना पाय लागला की हात पुढे करायचा आणि कपाळाला लावायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी पटावरून हात पुढे केला. काकांनी तो लगेच हातात घेतला.

"सोडलात डाव? इतक्यात?"

"नाही हो काका! पाय लागला."

"मला?" काका गोंधळले. पण सभ्य माणूस! "असू दे, असू दे," म्हणाले.

दहा मिनिटांनी पुन्हा लागला. पुन्हा नमस्कार. काका आता माझ्याकडे जरा काळजीने बघू लागले. तेवढ्यात भिंतीजवळ बाबांची हालचाल दिसली. ते स्वतःच्या पायांकडे बोट दाखवत होते आणि मान जोरजोरात हलवत होते. पाय... पाय म्हणजे पायदळ... म्हणजे प्यादं! (वडिलांची बुद्धी ती वडिलांची बुद्धी!) मी प्यादं एक घर पुढे सरकवलं. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आजोबा, खुणा नकोत," पंच म्हणाले. बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

एवढं होऊनही डाव माझ्याच बाजूने झुकत होता. पुढे तर मला चक्क दोन चालींत मात दिसली! हत्तीने मात करायची, फक्त वजिराने जागा सोडायची नाही. आनंदाने मी खुर्चीत पुढे सरकले आणि पाय दाणकन आपटला. या वेळी मात्र लाज वाटली. घाईघाईने हात पुढे केला, बांगडी वजिराला लागली आणि वजीर आडवा झाला. "सॉरी!" म्हणत मी तो उचलून उभा केला.

पंच नेमके तिथेच उभे होते.

"मॅडम, उचलायच्या आधी 'नीट करतेय' म्हणालात का?"

"नाही. सॉरी म्हणाले."

"वजिराला?"

"काकांना!"

"मग हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. वजीर हलवा."

"अहो, राहू द्या," काका म्हणाले. "चुकून झालंय. माझी काही हरकत नाही."

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण वळण! "छे छे काका," मी बाणेदारपणे म्हणाले, "नियम म्हणजे नियम!" आणि वजीर हलवला. "माफ करा हं," म्हणत काकांनी तो खाल्ला. पुढच्या दहा चालींत मी हरले.

मधल्या सुट्टीत शाळेच्या पायरीवर आम्ही वडापाव घेऊन बसलो. मला बाबांकडे बघवत नव्हतं.

"गो, हात कित्याक घातलंस पटार?"

"काकांना पाय लागला ना!"

"तेचे पाय खाली होते खंय? तो म्हातारो पयल्यापासून खुर्चेर मांडी घालून बसललो!"

"मग मला लागत होता तो कोणाचा पाय?"

"टेबलाचो!"

टेबलाच्या पायाला मी तीन वेळा नमस्कार केला होता, आणि तिसऱ्यांदा वजिराचा नैवेद्यही दाखवला होता.

"जावंदे," बाबा म्हणाले. "चुकलंस ता चुकलंस. आता शीक."

मी शिकले. दुसऱ्या फेरीत समोर लालबागचा ओंकार नावाचा तिशीतला इंजिनियर होता. पाचव्या चालीला पाय लागला, पण मी हललेसुद्धा नाही. उलट दोन्ही पाय त्यावर टेकवून चांगली ऐसपैस बसले. ओंकार मात्र बेचैन. घाम पुसतोय, ओठ चावतोय, भलत्याच चाली करतोय. माझ्या हल्ल्याचा असा धसका कोणी घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता. पंचविसाव्या चालीला मात!

बाबा नियम विसरून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांचा तो एक डोळा भरून आला होता. माझे दोन्ही.

ओंकार हळूच पुढे वाकला. "ताई, झालं असेल तर पाय काढता का? मुंग्या आल्यात."

"अरे देवा! मग आधी बोलला का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. सांगायचं कसं?"

बाबा अजून अख्ख्या घोडपदेवला तो डाव सांगत असतात. "माझ्या चेडवान तेका असो दाबून ठेवल्यान, जाग्यार हलाक दिल्यान नाय!" मी शेजारी खाली मान घालून बसते. लोकांना तो विनय वाटतो.